दीड आटा

बाबांच्या डायरीत १९९४ च्या एका पानावर एक ओळ आहे: 'एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड आटा मागे.' ही त्यांच्या आरएक्स १०० ची कुंडली. गाडी आता माझ्याकडे पुण्यात असते. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. जे सेटिंग तीस वर्षं चाललंय त्याला हात लावायचा नाही, हा आमचा धर्म. नेमका तोच नडला.

मध्यंतरी एका शनिवारी कार्बोरेटर खोलून साफ केला, स्क्रू डायरीबरहुकूम दीड आट्यावर ठेवला आणि साताऱ्याला निघालो. आयडलिंग एकदम झकास. खंबाटकी घाटात मात्र मूठ पिळावी तशी गाडी पळायच्या ऐवजी बसायला लागली आणि इंजिनातून खडखड. क्लच दाबून बाजूला घेतली, प्लग काढला तर चुन्यासारखा पांढराफटक! टू-स्ट्रोकवाल्यांना याचा अर्थ सांगायला नको. हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापलेलं. अजून थोडं रेटलं असतं तर बाबांचा पिस्टन सिलिंडरला चिकटला असता आणि मी घरी काय तोंड दाखवलं असतं देव जाणे.

इंजिन गार होईपर्यंत बसून राहण्याशिवाय काम नव्हतं. अशा वेळी मला हटकून बर्था बेंझ आठवते. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई दोन मुलांना घेऊन नवऱ्याची तीनचाकी गाडी मानहाइमहून फोर्टझ्हाइमपर्यंत, शंभरावर किलोमीटर घेऊन गेली. इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा हॅटची पिन काढून साफ केली. आपले मेस्त्री क्लच केबलची एक तार सुटी करून जेटमध्ये घालतात, ते हेच घराणं. (जेट पितळी असतो, तारेने भोक मोठं होतं. करू नका.)

बेंझच्या त्या गाडीत आजच्यासारखा कार्बोरेटर नव्हता. हवा नुसती इंधनावरून जायची आणि जाता जाता वाफ घेऊन जायची. म्हणजे गार दिवशी एक मिश्रण, गरम दिवशी दुसरं. १८९३ मध्ये बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या जोडीने फवारा मारणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी जर्मन मायबाखनेही. फुलवाली फुंकणीने फुलांवर पाणी उडवत होती ते पाहून बांकी-चोंकाला ही कल्पना सुचली म्हणे. दंतकथा असावी, पण गोड आहे. तत्त्व मात्र तेच: अरुंद वाटेतून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. पंप नाही, सेन्सर नाही.

मोटरसायकलसाठी हा फवारा आटोपशीर झाला तो इंग्लंडमध्ये. १९२७ मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन बर्मिंगहॅमची 'अ‍ॅमल' झाली. मूठ पिळली की वर सरकणारी स्लाइड आणि तिला लटकलेली सुई, ही रचना अ‍ॅमलने घरोघरी नेली. जपानच्या मिकुनीने अ‍ॅमलकडूनच परवाना घेतला होता. आणि त्याच जातीचा मिकुनी कार्बोरेटर नोव्हेंबर १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने बाजारात आणलेल्या आरएक्स १०० वर बसला. ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन जेमतेम शंभर किलो. पुढचं कॉलेजच्या गेटवर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा :) १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नियम कडक झाले होते.

आता मूळ मुद्दा. कार्बोरेटर 'किती पेट्रोल' हे ठरवतो तो भोकाच्या आकारावरून. पलीकडे काय आहे याची त्याला खबर नसते. १९९४ ला पंपावर मिळायचं त्या पेट्रोलमध्ये शिसं होतं, इथेनॉल नव्हतं. शिसं २००० साली देशभरातून गेलं. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल आलं, आणि २०२५ पर्यंत देशभरात ते वीस टक्क्यांवर पोचलं. ऊस आणि धान्यापासून केलेलं. साताऱ्याच्या माणसाच्या गाडीत शेवटी ऊस शिरलाच म्हणायचा!

शुद्ध पेट्रोलच्या १ ग्रॅमला पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. वीस टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास, कारण इथेनॉल थोडा ऑक्सिजन स्वतःच घेऊन येतं. म्हणजे जेट तोच, सुई तीच, तरी मिश्रण आठेक टक्के पातळ. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर एक्झॉस्ट हुंगतो आणि हिशोब दुरुस्त करतो. एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यावर आपल्याकडे जवळपास सगळ्या नव्या बाइक तशाच झाल्या. आरएक्सला हुंगणारं कोणी नाही. मीच काय तो सेन्सर, आणि मी डायरी वाचत बसलेलो.

रात्री साताऱ्यात (घाट दुसऱ्या गियरमध्ये, जीव मुठीत धरून चढलो) बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "स्क्रू कशाला बघतोस? तो पाव मुठीपर्यंतचा मालक. घाटात सुईचं राज्य असतं."

"मग डायरीत सुईचं काहीच कसं नाही, बाबा?"

"हात लावायची वेळच आली नाही रे."

रविवारी दोघांनी मिळून उघडला. आधी इंजिनकडचा रबर तपासला, त्याला बारीक तडा होता. म्हणजे चोरहवाही शिरत होती, सगळं खापर इथेनॉलवर फोडता येणार नाही. रबर बदलला. सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. केबल हलवली म्हणून ऑइल पंपाची खूणही जुळवली, ती विसरलो असतो तर वेगळंच रामायण. स्क्रूचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून ते टाकीवर तळहात ठेवून उभे राहिले. मी पाव-पाव आटा आत घ्यायचो आणि ते मानेने सांगायचे, अजून, अजून, बास.

परत येताना शिरवळला थांबून प्लग काढला. बिस्किटाच्या रंगाचा. पीयूसीलाही नेली. २००० च्या आधीच्या दुचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, त्यात बसली.

डायरीतली जुनी ओळ बाबांनी खोडू दिली नाही. खाली पेन्सिलने लिहिलंय: 'सव्वा आटा. क्लिप एक खाच खाली. पेट्रोल बदललं की पुन्हा बघणे.'