विवाहाची मान्यता आणि धर्मसत्ता : करवीरच्या इतिहासाच्या निमित्ताने

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. या निकालाची चर्चा बहुतांशी घटनात्मक अधिकारांच्या परिभाषेत झाली, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु एका विसंगतीकडे पुरेसे लक्ष गेले नाही. सुनावणीच्या प्रारंभीच न्यायालयाने स्पष्ट केले होते, की निरनिराळ्या धर्मीयांच्या व्यक्तिगत कायद्यांत आपण शिरणार नाही. वाद १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरताच ऐकला जाईल. म्हणजे धर्म हा विषय दाराबाहेर ठेवूनच वादाला आरंभ झाला. दुसरीकडे केंद्र सरकारच्या प्रतिज्ञापत्रात हिंदूंचा विवाह हा संस्कार आहे, हे आवर्जून नमूद केलेले होते, आणि जमियत उलेमा-ए-हिंद ही संघटना याचिकांना विरोध करण्यासाठी न्यायालयात उभी होती. जो विषय दाराबाहेर ठेवला, त्याचाच आवाज आत सर्वांत मोठा होता.

विवाहाला मान्यता कोणी द्यायची, शास्त्राने, ज्ञातीने की राज्याने, हा प्रश्न मराठी समाजाला नवा नाही. तो कोल्हापुरात तर जवळजवळ अर्धशतक धुमसत होता. त्या इतिहासाचा आजच्या वादाशी संबंध जोडणे काहींना ओढाताणीचे वाटेल. पुढील विवेचनावरून तसे वाटू नये, अशी अपेक्षा आहे.

आरंभ शब्दांपासून करू. मराठीत या संस्थेसाठी दोन शब्द रूढ आहेत. 'विवाह' या शब्दात 'वह्' हा धातू आहे. त्यात वधूला वाहून नेणे, पित्याच्या घरून पतीच्या घरी घेऊन जाणे अभिप्रेत आहे. नेणारा एक आणि नेली जाणारी दुसरी, ही असमानता शब्दाच्या घडणीतच आहे. 'लग्न' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र केवळ 'लागलेले, जोडले गेलेले' एवढाच; ज्योतिषातील लग्न, म्हणजे क्षितिजाला लागलेली रास, हा त्याचाच विस्तार. कायदा 'विवाह' म्हणतो, माणसे 'लग्न' म्हणतात. व्युत्पत्तीने कायद्याचे प्रश्न सुटत नाहीत, हे उघड आहे. पण विवाहाचा अर्थ अनादी व एकच आहे असा दावा जेव्हा केला जातो, तेव्हा भाषेची ही साक्ष नोंदवून ठेवणे आवश्यक ठरते. वि. का. राजवाडे यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरील लेखांत महाभारतातील कथा आणि शब्दांची मुळे यांच्या आधारे हेच दाखवले होते, की ही संस्था घडत, बदलत आलेली आहे. त्यांच्या सर्वच व्युत्पत्ती आज टिकणार नाहीत. त्यांचा मूळ सिद्धान्त मात्र टिकतो. मनुस्मृती विवाहाचे आठ प्रकार मोजते आणि त्यांत राक्षस व पैशाच यांनाही, निंदा करीत का होईना, जागा देते. कन्येला बळाने पळवून नेण्याला ज्या शास्त्राने विवाहाच्या यादीत बसवले, त्या शास्त्राच्या नावाने 'विवाहाची एकमेव पवित्र व्याख्या' सांगणे हे शास्त्राचेही अज्ञान आहे. त्याच ग्रंथाच्या प्रायश्चित्त-प्रकरणात पुरुषाने पुरुषाशी केलेल्या संगाला सचैल स्नानाचे प्रायश्चित्त सांगितले आहे. जन्मठेपेची तरतूद मनूची नव्हे. ती १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाची. अर्थात यावरून मनू उदार ठरत नाही. त्याच ग्रंथाने अन्यत्र याच कृत्याला जातिभ्रंशकर पापांत बसवले आहे, आणि वर्णसंकराविषयीचा त्याचा कठोरपणा सर्वश्रुत आहे.

आता करवीर. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. १८६९ मध्ये मुंबईत ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह घडवून आणला गेला, तेव्हा त्याच्या पुरस्कर्त्यांवर बहिष्काराचे अस्त्र उगारले गेले ते करवीर-संकेश्वर पीठाच्या शंकराचार्यांच्या अधिकाराने. पुढल्या वर्षी, १८७० मध्ये, पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ झाला. विष्णुशास्त्री पंडित प्रभृतींचा पक्ष त्यात हरला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की न्यायालयाच्या दृष्टीने तो विवाह पूर्णपणे वैध होता. अवैध होता तो केवळ पंगतीत, पाणवठ्यावर आणि मुलांच्या सोयरिकीत. कायद्याने दिलेली मान्यता आणि समाजाने दिलेली मान्यता या दोन भिन्न वस्तू आहेत, याचा हा पहिला मोठा धडा. सुधारकांनी आपली बाजू शास्त्रवचनांच्याच भूमीवर मांडली, तीही चूकच म्हणावी लागेल. प्रतिपक्षाच्या अंगणात, प्रतिपक्षाच्याच पंचांसमोर ते खेळायला गेले.

ही चूक जोतीराव फुले यांनी केली नाही. सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त वधूवरांनी परस्परांना उद्देशून म्हणावयाची मंगलाष्टके त्यांनी रचली. साहित्याच्या अभ्यासकांनी या मंगलाष्टकांकडे काव्य म्हणून फारसे पाहिले नाही, ते एका अर्थी बरोबर आहे. पण विधीची संहिता म्हणून त्यांचे महत्त्व असाधारण आहे. पारंपरिक विधीत बोलतो तो भटजी, देतो तो पिता, घेतो तो वर; वधू मुकी असते. फुल्यांच्या विधीत ती बोलते, अट घालते, आणि वर ती अट मान्य करतो. विवाह हा दोन बोलणाऱ्या व्यक्तींमधील करार ठरताच विधीच्या रचनेतील 'नेणारा' आणि 'नेली जाणारी' ही स्थाने डळमळू लागतात. फुल्यांच्या मनात स्त्री-पुरुषच होते, यात शंका नाही. तथापि विधीच्या व्याकरणात त्यांनी केलेला बदल त्यांच्या अभिप्रायापेक्षा दूर जाणारा आहे.

कोल्हापुरात हा वाद राजवाड्यापर्यंत पोहोचला तो वेगळ्या वाटेने. पंचगंगेच्या घाटावर आपल्यासाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत, हे राजर्षी शाहूंच्या लक्षात आले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. राजोपाध्यांची वतने जप्त झाली, टिळक आणि त्यांचा 'केसरी' विरोधात उभे राहिले, आणि पुढे पीठालाही नमते घ्यावे लागले. या प्रकरणाचे गौरवीकरण पुष्कळ झाले आहे. परंतु वेदोक्ताचा आग्रह हा मुळात पुरोहिताच्या मंत्राची प्रतिष्ठा मान्य करणाराच आग्रह होता. मला तोच मंत्र हवा, एवढेच त्यात म्हटले होते. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला, भास्करराव जाधव त्याचे अध्यक्ष होते. १९२० मध्ये मराठा पुरोहित तयार करण्यासाठी शिवाजी क्षत्रिय वैदिक स्कूल निघाले, आणि त्याच वर्षी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर क्षात्रजगद्गुरूची स्थापना झाली. पुरोहित नाकारणे आणि आपला पुरोहित निर्माण करणे, जगद्गुरू झुगारणे आणि आपला जगद्गुरू बसवणे, या दोन प्रवृत्ती एकाच दरबारात एकाच वेळी नांदत होत्या. सत्यशोधकांपैकी अनेकांना हे रुचले नाही, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे.

शाहूंचे खरे धाडस मला दिसते ते या धार्मिक खटाटोपात नव्हे, तर दफ्तरात. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ चा विशेष विवाह कायदा होता. पण त्याखाली विवाह करू इच्छिणाऱ्यांना आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असे लिहून द्यावे लागे. जातीबाहेर लग्न करावयाचे तर आधी धर्म सोडा, असा तो सौदा. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी आंतरजातीय हिंदू विवाहांना वैधता देणारे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात आणले. सनातन्यांनी देशभर गदारोळ केला आणि विधेयक बारगळले. शाहूंनी त्याला जाहीर पाठिंबा दिला होता. एवढ्यावर न थांबता १९१९ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. विधवाविवाहाच्या नोंदणीचा कायदा १९१७ चा. काडीमोडीचा आणि स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध करणारा हे कायदे १९१९ चेच. धर्म सोडण्याची अट न घालता विवाह वैध ठरवणे, ही यातील निर्णायक गोष्ट होय. इंग्रजी राज्याला जे १९२३ च्या दुरुस्तीने, तेही हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरते जमले, ते करवीरने चार वर्षे आधी केले. शाहूंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, कागलच्या धाकट्या पातीच्या घराण्यातील संयोगिताबाईंचा विवाह इंदूरच्या यशवंतराव होळकरांशी झाला; मराठा-धनगर सोयरिकीची शाहूंची कल्पना राजघराण्यात तरी फळाला आली. खेड्यापाड्यांत कायद्याचा उपयोग किती झाला, हा निराळा प्रश्न. प्रजेच्या मागणीवाचून, राजाच्या इच्छेने आलेल्या कायद्याची ही मर्यादा असतेच.

या पार्श्वभूमीवर २०२३ चा निकाल वाचला, की एक गोष्ट स्पष्ट होते. याचिकाकर्त्यांनी दफ्तराची वाट धरली, पण ते दफ्तर धर्मापासून मोकळे असल्याचे गृहीत धरले. वास्तविक विशेष विवाह कायद्यात १९७६ मध्ये २१अ हे कलम घालून, दोघेही हिंदू असतील तर वारसाहक्क हिंदू कायद्यानेच चालेल, अशी तरतूद झाली. निधर्मी नोंदवहीची दोरी पुन्हा व्यक्तिगत कायद्याच्या खुंटीला बांधली गेली. 'पती' आणि 'पत्नी' हे शब्द बदलावेत तर ही सगळी वीण उसवते, या अडचणीपाशी पाचही न्यायमूर्ती थबकले. विवाहाचा मूलभूत अधिकार घटनेत नाही, यावर पाचांचे एकमत होते. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देण्याचे बंधन राज्यावर आहे की नाही, यावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. फुल्यांची वाट, म्हणजे विधीच बदलण्याची, या वादात चाचपली गेलीच नाही. तामिळनाडूत ती १९६७ सालीच कायद्यात उतरली: हिंदू विवाह कायद्याला ७अ कलम जोडून पुरोहितावाचून झालेले स्वाभिमान विवाह वैध ठरवले गेले. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने 'वधू' या शब्दात तृतीयपंथी स्त्रीचा समावेश केला, तोही देवळात लागलेल्या लग्नाच्या प्रकरणात.

आंतरजातीय आणि समलिंगी विवाहांची तुलना पूर्ण जुळत नाही, हे मान्य केले पाहिजे. एकाला विरोध झाला तो चुकीची संतती होईल म्हणून, दुसऱ्याला होतो तो संततीच होणार नाही म्हणून. आक्षेपाची शब्दकळा मात्र थक्क करण्याइतकी सारखी आहे: निसर्गविरुद्ध, परकीय, मूठभर शिक्षितांचे खूळ. शेवटचा शब्दप्रयोग वेगळा तपासावा लागेल, आणि त्यासाठी कोल्हापूर सोडून कोठे जाण्याची गरज नाही.

मार्गशीर्षात सौंदत्तीची यात्रा करून यल्लम्माचे जग कोल्हापुरात परततात आणि ओढ्यावरच्या रेणुकेपाशी आंबील यात्रा भरते. त्या जगांबरोबर लुगडे नेसलेले, चौंडक्याच्या तालावर गाणारे जोगते असतात. गळ्यात दर्शन बांधले, की पुरुषदेहाचा माणूस देवीचा होतो. लोकधर्माने स्त्री-पुरुष या द्वंद्वाबाहेर उभे राहण्याची जागा येथे दिली आहे, ती शिक्षितांच्या चर्चेच्या कितीतरी आधी, आणि धर्माच्या नावानेच. पण किंमतही तेवढीच घेतली. देवीशी बांधलेल्याला माणसाशी घर बांधता येत नाही. त्याचा जोगवा मान्य, संसार अमान्य. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' (१९८८) या कादंबरीच्या केंद्रस्थानी जोगत्याचे हेच जगणे आहे. 'चौंडकं'प्रमाणे हीही अंधश्रद्धेविरुद्धची समस्याप्रधान कादंबरी म्हणून वाचणे सोपे आहे. निपाणी-गडहिंग्लजच्या देवदासी-चळवळीच्या काळात तसे वाचन होणे स्वाभाविकही होते. तेवढ्यावर थांबले तर मात्र एक प्रश्न निसटतो: प्रथेने बळजबरीने घडवलेला देह कोणता आणि प्रथेत आसरा शोधणारा देह कोणता? कादंबरीच्या प्रदेशात हे दोन्ही शेजारी शेजारी वावरतात. सुधारकाच्या एकेरी भाषेला हा भेद पकडता येत नाही. तो पकडणे हे समीक्षेचे काम होते, आणि आपण ते केले नाही.

नागरी मराठीत या विषयाला शब्द देण्याचा प्रयत्न र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'ने केला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे हरले, दंड झाला. तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आली १९८१ मध्ये आणि सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' २००६ मध्ये. या साहित्यात प्रेम आहे, शोकही आहे. विवाहाचा प्रश्न जवळजवळ नाही. जोगत्याच्या मराठीत तो आहे, पण तेथे नवरा-बायकोच्या जागी देवी आहे.

कालगणनेची एक गोष्ट उरते. विठ्ठलभाईंचे विधेयक बारगळले, तरी आंतरजातीय हिंदू विवाहांना देशभर वैधता देणारा कायदा अखेर झाला, तो १९४९ साली. मागणीनंतर एकतीस वर्षांनी. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेही त्याच वर्षी, १ मार्चला. करवीरचा १९१९ चा कायदा देशाला मान्य होईपर्यंत करवीरचे राज्यच उरले नव्हते.