लंडनमधील संततिनियमन व लैंगिक आरोग्यसेवा

लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा काही काळापुरत्या आलेल्या कोणाही व्यक्तीला गर्भनिरोधक साधने, लैंगिक संबंधांतून होणाऱ्या रोगांची तपासणी व उपचार आणि त्याबाबतचा सल्ला पुरवणारी सार्वजनिक व्यवस्था. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या (एनएचएस) छत्राखाली ती चालते. २०१३ पासून लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यांचा खर्च मुख्यतः स्थानिक परिषदा (बरो) उचलतात. बाहेरून आलेल्याला चकित करणारी गोष्ट म्हणजे या दवाखान्यांत जाण्यासाठी व्हिसा, विमा किंवा डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. एरवी कागदांवर चालणाऱ्या या शहरात एवढा एक दरवाजा उघडा का राहिला, याचे उत्तर शंभर वर्षांमागे मिळते आणि त्याचा एक धागा मुंबईला येऊन भिडतो.

१९१३ मध्ये ब्रिटिश सरकारने गुप्तरोगांच्या प्रश्नावर शाही आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते लॉर्ड सिडनहॅम, म्हणजे नुकतेच मुंबईच्या गव्हर्नरपदावरून उतरलेले सर जॉर्ज क्लार्क. टिळकांना मंडालेला धाडले गेले ते यांच्याच अमदानीत, आणि चर्चगेटचे सिडनहॅम कॉलेज यांच्याच नावाचे. आयोगाने १९१६ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी नियम निघाले : तपासणी व उपचार फुकट, गुप्तता पाळून आणि रुग्ण कोठला राहणारा हे न पाहता. खर्चाचा पाऊण हिस्सा केंद्राने उचलला. हे औदार्य नव्हते. रोगी लाजेने किंवा पैशाअभावी घरी बसला, तर रोग घरी बसत नाही, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. १९१७ च्या कायद्याने अशा रोगांवरील औषधांच्या जाहिराती आणि वैदूंचे उपचार यांनाही मनाई केली. लोकलच्या रुळांलगतच्या भिंतींवर ‘खात्रीशीर इलाज’ वाचत वाढलेल्या मुंबईकराला या कलमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

संततिनियमनाची वाट मात्र निराळी. मेरी स्टोप्स यांनी उत्तर लंडनच्या हॉलोवे भागात १७ मार्च १९२१ रोजी दवाखाना उघडला. तेथे विवाहित स्त्रियांनाच प्रवेश होता. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, आणि पुढे त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावली. लंडनमध्ये अविवाहितांसाठी १९६४ मध्ये हेलन ब्रूक यांनी वेगळी केंद्रे काढली. १९६७ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना लग्न झाले आहे की नाही हे न विचारता साधने देण्याची मुभा मिळाली आणि १९७४ पासून ती सर्वांना विनामूल्य झाली. आज एखादी मराठी विद्यार्थिनी लंडनच्या दवाखान्यात जाते, तेव्हा ‘लग्न झालंय का?’ हा तिच्या सवयीचा पहिला प्रश्न तिला कोणी विचारत नाही. एखादीला त्याचे उत्तर आपण होऊन सांगावेसे वाटते, ही सवयीची ताकद.

पैशांचा हिशेब असा. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करताना आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पौंड आणि इतर बहुतेकांना १,०३५ पौंड आहे. तो भरला की एनएचएसची जवळजवळ सगळी दारे उघडतात. पण गर्भनिरोधन आणि लैंगिक रोगांचे निदान व उपचार या दोन गोष्टी अधिभार न भरलेल्यांनाही, म्हणजे पंधरा दिवसांच्या पर्यटकालाही, फुकट आहेत. एचआयव्हीच्या बाबतीत पूर्वी परदेशी पाहुण्याला चाचणी फुकट आणि औषधे मात्र विकत अशी विचित्र स्थिती होती. १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंडमध्ये उपचारही विनामूल्य झाले. या सवलतीत गर्भपात येत नाही, आणि गफलत नेमकी येथेच होते. १९६७ च्याच, पण वेगळ्या, गर्भपाताच्या कायद्यानुसार दोन डॉक्टरांच्या संमतीने गर्भपात करता येतो आणि दहा आठवड्यांच्या आत गोळ्या घरी मागवण्याचीही सोय आहे. परंतु अधिभार न भरलेल्या पाहुण्यांना त्याचे पैसे मोजावे लागतात.

नवख्याची खरी अडचण कायद्याची नाही की पैशांची नाही. कोणत्या कामाला कोणते दार, हे त्याला ठाऊक नसते. महाराष्ट्रात गोळ्यांचे पाकीट कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणायचे. माला-डी असो की आय-पिल, चिठ्ठी कोण विचारतो? लंडनच्या केमिस्टकडे संमिश्र संप्रेरकांची गोळी तशी हातात पडत नाही. ती जीपी (म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर) किंवा दवाखाना देतो, किंवा २०२३ पासून सुरू झालेल्या योजनेत फार्मसिस्ट स्वतः रक्तदाब व वजन तपासून, मायग्रेन आणि धूम्रपान यांची चौकशी करून देतो. ही चौकशी पाल्हाळाची वाटली तरी तिला कारण आहे : विशिष्ट प्रकारच्या मायग्रेनमध्ये ही गोळी घेतल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. केवळ प्रोजेस्टोजेन असलेली डेसोजेस्ट्रेलची गोळी जुलै २०२१ पासून चिठ्ठीविना विकत मिळते. तातडीची गोळी केमिस्टकडे २००१ पासून मिळू लागली आणि ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडभर तेथे ती फुकट झाली. तिचेही दोन प्रकार आहेत. आपल्या परिचयाची लेव्होनॉरजेस्ट्रेल संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची. दुसरी, युलिप्रिस्टल, १२० तासांपर्यंत चालते. या दोहोंपेक्षा खात्रीची आहे ती पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी, पण ती केमिस्टकडे नव्हे, दवाखान्यातच बसवतात.

भारतातून साठा घेऊन जाणाऱ्या स्त्रियांपैकी ‘सहेली’ घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, आठवड्याला एकदा घ्यायची (पहिले तीन महिने दोनदा) ही संप्रेरकरहित गोळी १९९१ पासून आपल्याकडे मिळते. सरकारी पुरवठ्यात तिचे नाव ‘छाया’. ब्रिटनमध्ये ती विकली जात नाही आणि समोरच्या नर्सने तिचे नावही ऐकलेले नसण्याचा संभव मोठा. पाकिटावरचे मूळ औषधनाव, ऑर्मेलॉक्सिफेन, लिहून दाखवले तर बोलणे पुढे सरकते. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्यांना ही अडचण नाही. तेच औषध तेथे मिळते आणि त्याचा एक प्रकार स्वतः टोचून घेता येतो.

तपासणीसाठी मध्य लंडनमध्ये सोहोतील ५६ डीन स्ट्रीट, ब्लूम्सबरीतील मॉर्टिमर मार्केट सेंटर आणि पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील जेफरिस विंग ही नावे परिचित आहेत. लक्षणे नसतील तर जाण्याचीही गरज नसते. २०१८ पासून बहुतेक बरोंमधील रहिवाशांना चाचणीचा संच टपालाने मागवता येतो. बोटाला टोचून रक्ताची छोटी नळी भरायची आणि पाकीट टपालपेटीत टाकायचे. नळी भरेपर्यंत बोट पिळणे हे एक दिव्यच. एचआयव्हीच्या संसर्गाची ताजी शंका असेल तर संच मागवून वाट पाहू नये. प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात आणि रात्री-सुटीच्या दिवशी ती रुग्णालयाच्या अपघात विभागात मिळतात.

दवाखान्यातील प्रश्नावली मराठी माणसाला घाम फोडते. जोडीदार पुरुष की स्त्री, शेवटचा संबंध कधी, कोणत्या प्रकारचा, निरोध वापरला होता का, हे सर्वांना एकाच कोरड्या सुरात विचारले जाते. आपल्या भाषेत या अवयवांना एकतर पोथीतले शब्द आहेत नाहीतर शिवीतले. मधला शब्द नसल्याने पट्टीचे मराठी बोलणारेही येथे इंग्रजीचा आडोसा घेतात. ज्यांना तो घेता येत नाही त्यांच्यासाठी दुभाष्याची विनामूल्य सोय असते, मात्र भेट ठरवतानाच ती मागावी. नवऱ्याला किंवा नणंदेला दुभाषी म्हणून नेऊ नये. दवाखानेही ते टाळतात. दक्षिण आशियाई समाजांसाठी शिवानंद खान यांनी १९९१ मध्ये लंडनमध्ये नाझ प्रोजेक्ट सुरू केला, तो याच कोंडीतून.

गुप्ततेचा नियम कडक आहे. खरे नाव देण्याची सक्ती नाही आणि रुग्णाच्या संमतीविना जीपीलाही कळवले जात नाही. सोळा वर्षांखालील मुलीला, तिची समज पुरेशी असल्यास, आईवडिलांना न कळवता साधने देता येतात, असा निवाडा हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८५ मध्ये दिला. तरीही माणसे चुकतात. २०१५ मध्ये ५६ डीन स्ट्रीटच्या एका वार्तापत्रात सातशेहून अधिक जणांचे ईमेल पत्ते सर्वांना दिसतील असे गेले. त्यातले बहुतेक एचआयव्हीबाधित होते. संबंधित संस्थेला १,८०,००० पौंड दंड झाला.

शिक्षण संपवून परत येणाऱ्यांनी एक कागद जपावा. लंडनमध्ये अनेकजणी दंडाच्या त्वचेखाली बसणारी, तीन वर्षे चालणारी काडी पसंत करतात. भारताच्या सरकारी कार्यक्रमात ती अलीकडेच आणि मोजक्या ठिकाणी आली आहे, त्यामुळे ती काढणारा प्रशिक्षित डॉक्टर आपल्या गावी मिळेलच असे नाही. बसवल्याची तारीख आणि कोणता दंड हे लिहिलेले कार्ड दवाखाना देतो. मुदत संपत आली असेल तर निघण्यापूर्वी काडी तेथेच काढून घ्यावी.