गड चढताना पाणी किती आणि कसे न्यावे? हायड्रेशन बॅग निवडण्यापूर्वी हे वाचा

"रोज चाला, वजन कमी करा" असा सल्ला मिळाल्यावर अनेक रुग्ण अजिंक्यतारा चढायला सुरुवात करतात. सवय झाली की सज्जनगड, वासोटा, सांगलीकडचे दंडोबा किंवा सागरेश्वर असे बेत ठरतात. ही सवय चांगलीच आहे. पण बूट विकत घेताना जेवढा विचार होतो, तेवढा पाण्याचा होत नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पाणी कमी पडणे जसे धोक्याचे, तसेच गरजेपेक्षा जास्त पिणेही.

हायड्रेशन बॅग म्हणजे काय?

ही पाठीवरची सॅकच असते. आत पाण्याची मऊ पिशवी (तिला 'ब्लॅडर' म्हणतात) आणि खांद्यावरून तोंडापर्यंत येणारी नळी असते. न थांबता घोट घेता येतो, हा तिचा मोठा फायदा. बाटली सॅकच्या तळाशी असली की "पुढच्या टप्प्यावर पिऊ" म्हणत आपण टाळत राहतो.

तोटा असा की, पिशवीत किती पाणी उरले ते चालताना दिसत नाही. शिवाय ती नीट धुतली नाही तर आत बुरशी धरते.

तुम्हाला किती पाणी लागेल?

साधारण हवामानात मध्यम चढाई करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी लागते. कडक उन्हात ही गरज एक लिटरच्या आसपास जाऊ शकते.

- अजिंक्यतारा (साताऱ्यातून सकाळी लवकर): एक लिटर बहुतेकांना पुरते. त्यासाठी बाटलीही चालते.
- वासोटा: बामणोलीहून बोटीने शिवसागर जलाशय ओलांडायचा, मग कोयनेच्या जंगलातून चढायचे. चढ-उतार मिळून चार-पाच तास धरा. वर दुकान नाही. माणशी अडीच ते तीन लिटर पाणी हवे.
- माण-खटाव, आटपाडी, जतकडचे डोंगर: येथील कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती घाम गेला ते कळत नाही. नेहमीपेक्षा थोडे जास्त पाणी ठेवा.

पश्चिमेकडे पावसाळ्यात आणि नंतरच्या दिवसांत हवा दमट असते. घाम येतो, पण वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. अशा वेळी केवळ पाणी पिऊन भागत नाही. वेग कमी करून सावलीत थांबावे लागते.

तुमचा स्वतःचा अंदाज काढण्यासाठी निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी कमी पडले. ६० किलोच्या व्यक्तीचे वजन १.२ किलोपेक्षा जास्त घटले (म्हणजे २ टक्के), तर पुढच्या वेळी जास्त पाणी न्या. वजन वाढले असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

बॅग घेताना काय पाहावे?

1. पिशवीचे माप: दिवसभराच्या फेरीसाठी दोन लिटरची पिशवी आणि सोबत एक लिटरची बाटली ही जोडी सोयीची. नळी तुंबली किंवा पिशवी फुटली तरी पाणी उरते.
2. वजन: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सगळे सामान धरून ओझे शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर त्याहून कमी.
3. पट्टे: छातीचा आणि कमरेचा पट्टा हवा. सॅक भरून, दुकानातच दहा मिनिटे घालून फिरा. खांद्याला मुंग्या आल्या तर ती बॅग तुमची नाही.
4. तोंड: हात आत जाईल एवढे रुंद असावे, नाहीतर धुता येत नाही.

पिशवीची स्वच्छता

परतल्यावर त्याच दिवशी पिशवी, नळी आणि तोंडाचा भाग कोमट पाणी व साबणाने धुऊन उलटे टांगून वाळवा. पिशवीत फक्त साधे पाणी भरा. सरबत, ओआरएस बाटलीतच ठेवा, कारण साखरेमुळे जंतू लवकर वाढतात. ओढ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी कावीळ, विषमज्वर, जुलाब होऊ शकतात. घरूनच उकळलेले किंवा फिल्टरचे पाणी न्या.

ओआरएस कधी?

दोन तासांपेक्षा जास्त चढाई, भरपूर घाम, उलट्या किंवा जुलाब असतील तर. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. बाजारातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे

- हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार, पाण्यावर बंधन: वर दिलेले आकडे तुमच्यासाठी नाहीत. ओआरएसमध्ये मीठही असते.
- रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी: चढाईच्या दिवशी ती कधी घ्यावी ते विचारा. स्वतःहून बंद करू नका.
- मधुमेह: ग्लुकोमीटर आणि साखर सोबत ठेवा. इन्सुलिन उन्हात तापू देऊ नका.
- वेदनाशामक गोळ्या: शरीरात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. गुडघे दुखतील म्हणून आधीच गोळी घेऊन चढू नका.

धोक्याची लक्षणे

गडद पिवळी लघवी, कोरडे तोंड, चक्कर, पायात गोळे ही पाणी कमी पडल्याची चिन्हे आहेत. सावलीत बसा, घोट घोट पाणी प्या आणि खाली उतरायचे ठरवा.

भरपूर पाणी पिऊनही डोके दुखणे, मळमळ, हातांना सूज, गोंधळल्यासारखे होणे असे दिसले, तर रक्तातील सोडियम घटलेले असू शकते. अशा व्यक्तीला आणखी साधे पाणी पाजू नका. तिला लगेच दवाखान्यात न्या.

उन्हात व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा बेशुद्ध पडली, तर तो उष्माघात समजा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नका. अंग थंड करणे चालूच ठेवा. अशा वेळी पाठीवरच्या पिशवीतले पाणी पिण्यापेक्षा अंगावर ओतण्यासाठी जास्त मोलाचे असते.

शेवटी एक साधा नियम: निम्मे पाणी संपले आणि गड अजून निम्माही चढून झाला नसेल, तर तिथूनच मागे फिरा. गड पुढच्या रविवारीही तिथेच असेल.