वहीत दाबलेलं फूल पुरावा कधी ठरतं?

पिंपळाचं पान वहीत ठेवून त्याची जाळी व्हायची वाट तुम्हीही पाहिली असेल. आज अशाच एका वहीची गोष्ट सांगते. संशोधन सुरू करण्याआधी ती माहीत असलेली बरी.

अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट गावची एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) आपल्याला कवयित्री म्हणून माहीत आहे. पण त्याआधी, शाळकरी वयात, ती फुलं खुडून आणायची, दाबून वाळवायची आणि कागदाच्या पट्ट्यांनी वहीत चिकटवायची. ६६ पानं, ४२४ नमुने! तेव्हा तिकडच्या मुलींमध्ये हा छंद जोरात होता. १८४५ मध्ये मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात 'तूही अशी वही कर' असं ती सुचवते. ही वही आज हार्वर्डच्या होटन ग्रंथालयात आहे.

एवढी वर्षं फुलं टिकली कशी? दाबल्यावर पाणी कागदात शोषलं जातं, आणि पाणीच नसेल तर बुरशी वाढत नाही. आकार राहतो. रंग मात्र दगा देतो. लाल-जांभळे रंग बरेचदा तपकिरी पडतात, पिवळा त्यामानाने टिकतो. म्हणून वाळलेल्या फुलावरून मूळ रंग ठरवू नका.

आता चिठ्ठ्या पाहा. एमिली लॅटिन नाव लिहिते, आणि बऱ्याच ठिकाणी दोन आकडेही. ते लिनियसच्या वर्गीकरणातले, म्हणजे पुंकेसर-स्त्रीकेसर मोजून केलेले गट. तेव्हाच्या मुली वनस्पतिशास्त्र कसं शिकत होत्या, हे त्यावरून कळतं. पण तारीख आणि ठिकाण नाही. त्यामुळे फूल कधी उमललं, हे वही सांगू शकत नाही.

त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, कॉनकॉर्डला, हेन्री थोरोने १८५० च्या दशकात कोणतं झाड कधी फुललं याच्या तारखा टिपून ठेवल्या. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, आणि हवामान तापल्याने फुलं लवकर येतायत हे दिसलं. म्हणजे फूल एकाने जपलं, तारीख दुसऱ्याने. दोन्हींची उत्तरं वेगळी.

हे मी चुकून शिकले, बरं का. आजीच्या पोथीत एक सुकलेला चाफा सापडला. पोथीच्या छपाईचं साल बघून मी टिपणात फुलालाही तेच साल लावलं. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "पोथी छापली तेव्हाच फूल ठेवलं, हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. विचारायला आजीही नव्हती.

तेव्हा घरी फूल दाबायचं असेल तर जरूर दाबा. रोज कागद बदला, वर जड पुस्तकं ठेवा. पण चिठ्ठी आधी लिहा: तारीख, ठिकाण, ताज्या फुलाचा रंग, आणि कुणी तोडलं.