मालकमपेठ

आमच्या शाळेची सहल महाबळेश्वरला गेली होती. एका जुन्या नकाशावर ‘मालकमपेठ’ असे नाव पाहून सातवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, हे कुणी मलिक साहेब होते का?” मला हसू आले, पण प्रश्न चुकीचा नव्हता.

सर जॉन मालकम १८२७ ते १८३० मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी १८१८ मध्ये शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावाला सालाना आठ लाखांची पेन्शन ठरवून देणारे हेच. फारसी येणारा हा स्कॉटिश माणूस कंपनीचा वकील म्हणून इराणच्या फतेह अली शाहच्या दरबारी गेला होता. १८१५ साली त्याने इराणचा इतिहासही छापला. इराणात बटाटा आपणच नेला, असा त्याचा लौकिक. तिकडे बटाट्याला आरंभी ‘आलू-ए-मलकम’ म्हणत. फारसीत आलू म्हणजे बटाटा नव्हे, एक आंबटगोड फळ. आपला आलुबुखारा आठवा. पुढे इराण्यांनी ‘सीब-ज़मीनी’ हा शब्द रुळवला आणि साहेबाचे नाव तिथल्या ताटातून गेले.

इकडे मात्र ते डोंगरावर बसले. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी महाबळेश्वरचा हा मुलूख कंपनीला दिला आणि बदल्यात खंडाळा गाव घेतले. हे वाईकडचे खंडाळा, घाटातले नव्हे. माझे विद्यार्थी हटकून गल्लत करतात. नव्या वस्तीला गव्हर्नरचे नाव मिळाले. देवस्थानाचे जुने गाव वेगळे, ते क्षेत्र महाबळेश्वर. पुढे इथे तुरुंग झाला, त्यातले चिनी कैदी भाजीपाला पिकवीत. त्यात बटाटाही होता! मालकम साहेब आणि बटाटा यांची गाठ अशी दुसऱ्यांदा पडली.

मुलांना मी एवढेच सांगून थांबणार होतो. पण त्याच मुलाने विचारले, “मग राजाचे काय झाले?”

मालकम १८३३ मध्ये लंडनला वारले. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंहांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून त्यांना गादीवरून काढले आणि काशीला पाठवले. तिथेच १८४७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी न्याय मागत कितीतरी वर्षे लंडनमध्ये बसून होते. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले.

मुलगा काही बोलला नाही. वहीत त्याने मालकमपेठच्या खाली प्रतापसिंह असे लिहिले आणि उर्दूत ‘ह’ कोणता लावायचा ते मला विचारले.