कृत्रिम प्रकाश, रंगीत फिल्म आणि भिंगावरील फिल्टर : साधनचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

छायाचित्र हे इतिहासाचे साधन म्हणून आता मान्य झाले आहे. मात्र जुन्या रंगीत छायाचित्रात खोलीची भिंत पिवळी दिसत असेल, तर ती मुळातच पिवळी होती की दिव्याने तिला पिवळे केले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी भिंगासमोर बसविल्या जाणाऱ्या फिल्टरच्या इतिहासात आहे.

मानवी दृष्टी प्रकाशाच्या रंगाशी जुळवून घेते. फिल्म तसे करीत नाही. छायाचित्रणात दिवसाच्या प्रकाशाचे रंगतापमान सुमारे 5500 केल्विन, तर स्टुडिओतील टंगस्टन दिव्याचे 3200 केल्विन धरले जाते. घरगुती बल्ब त्याहूनही तांबूस असतो. 1935 मध्ये कोडॅकने कोडाक्रोम ही फिल्म बाजारात आणली, तेव्हा ही तफावत सामान्य छायाचित्रकाराच्याही अनुभवास येऊ लागली. उपाय मात्र आधीपासून तयार होता. क्रॉयडन येथील 'रॅटन अँड वेनराइट' या संस्थेत 1906 पासून सी. ई. के. मीस हे फिल्टर व प्लेट यांवर संशोधन करीत होते. मीस आपल्या संशोधनशाळेत यावेत म्हणून जॉर्ज ईस्टमन यांनी 1912 मध्ये ती संस्थाच विकत घेतली. पुढे 80 व 85 हे रॅटन क्रमांक छायाचित्रकारांच्या नित्याच्या बोलण्यात रूढ झाले.

या दोन क्रमांकांची किंमत सारखी नव्हती, आणि येथेच या इतिहासाचे मर्म आहे. फिल्टर प्रकाशात काहीही मिळवू शकत नाही, केवळ वजा करतो. टंगस्टनच्या प्रकाशात निळा भाग तुटपुंजा असतो. त्याच्या पातळीवर तांबडा व हिरवा उतरविण्यासाठी निळ्या 80ए फिल्टरला सुमारे दोन स्टॉप प्रकाश खर्ची घालावा लागतो. उलट, टंगस्टनसाठी संतुलित केलेली फिल्म उन्हात वापरताना लागणाऱ्या पिवळसर तांबूस 85 फिल्टरला सुमारे दोन तृतीयांश स्टॉप पुरतो. कोडाक्रोम 25 ही दिवसाची फिल्म 80ए लावून टंगस्टनखाली वापरल्यास तिचा वेग जेमतेम 6 उरे. 'टाइप ए' कोडाक्रोम 40 मात्र 85 लावून उन्हात 25 च्या वेगाने चाले. 1965 मध्ये आलेल्या सुपर 8 पद्धतीत टंगस्टनची फिल्म आणि कॅमेऱ्यातच बसविलेला 85 फिल्टर अशी योजना झाली, ती याच हिशेबामुळे. अंधाऱ्या खोलीत फिल्टर दूर करायचा आणि भरपूर प्रकाश असलेल्या उन्हात तो सोसायचा!

फिल्टरची निवड केल्विनच्या साध्या वजाबाकीने होत नाही. 3000 वरून 3500 केल्विनवर जाण्यास जेवढा फिल्टर लागतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी 5500 वरून 6000 वर जाण्यास पुरतो. म्हणून दहा लाखांना केल्विनने भागून येणारे 'मायरेड' हे एकक आयर्विन प्रीस्ट यांनी सुचविले. 3200 व 5500 यांतील अंतर 131 मायरेड भरते. 80ए ची व्याप्ती नेमकी तेवढीच आहे.

1938 मध्ये विक्रीस आलेल्या फ्लुरोसंट नळीने हे गणित बिघडविले. तिचा वर्णपट सलग नसतो. पाऱ्याची 546 नॅनोमीटरची रेषा चित्रावर हिरवट झाक आणते. किरमिजी फिल्टरने ती झाक उतरते, परंतु नळीच्या प्रकाशात जो गडद तांबडा मुळातच नाही तो परत येत नाही. डिजिटल कॅमेऱ्यातील 'व्हाइट बॅलन्स'ही या मर्यादेतून सुटलेला नाही. टंगस्टनखाली तो निळ्या वाहिनीचा संकेत वाढवितो आणि त्यासोबत तिच्यातील कणकणही वाढते. पूर्वी प्रकाशात चुकविलेली किंमत आता तेथे चुकवावी लागते.

अभिलेखागारातील स्लाइड पाहताना हा तपशील उपयोगी पडतो. खोलीतील चित्रावर नारिंगी झाक असेल, तर दिवसाची फिल्म फिल्टरविना वापरल्याची शक्यता असते. उन्हातील चित्र निळे असेल, तर 85 लावायचा राहिला असावा. कोडाक्रोमचे रंग अंधारात दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे तीवरील झाक बहुधा चित्रणाच्या वेळचीच असते. इतर अनेक फिल्मांबाबत रंग उडाल्याचाही संशय घ्यावा लागतो. स्कॅनरची स्वयंचलित रंगदुरुस्ती हा भेद पुसून टाकते. तेव्हा दुरुस्ती न केलेली एक स्कॅनप्रत मूळ स्लाइडच्या नोंदीसह स्वतंत्र जतन करणे आवश्यक ठरते.