इतिहास, भूप्रदेश आणि व्हिडिओ गेम : ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ची बलस्थाने व उणिवा

प्रस्तावना

ऐतिहासिक कादंबरी, नाटक व चित्रपट यांतील सत्यासत्याची चर्चा मराठीत दीर्घकाळ होत आली आहे. व्हिडिओ गेम मात्र या चर्चेच्या बाहेरच राहिला. तो मुलांचा वेळ वाया घालवणारा छंद समजला गेला. वस्तुतः आज वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या मनातील मध्ययुगाचे चित्र पाठ्यपुस्तकापेक्षा अशा खेळांतून घडते. त्यामुळे या माध्यमाची चिकित्सा इतिहासाच्या अध्यापकाने करणे गरजेचे आहे. प्रस्तुत लेखात ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या एकाच खेळाचा विचार केला असून, त्याच्या तुलनेसाठी देवळा परिसरातील १६७० च्या एका लढाईचा आधार घेतला आहे.

हा खेळ सकर पंच या अमेरिकी संस्थेने तयार केला व सोनी कंपनीने जुलै २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. संगणकासाठीची आवृत्ती मे २०२४ मध्ये आली. तो ‘ओपन वर्ल्ड’ प्रकारात मोडतो. या प्रकारात खेळाडूपुढे एक विस्तीर्ण प्रदेश खुला असतो आणि कोठे, कोणत्या वाटेने, केव्हा जावयाचे हे बहुतांशी तोच ठरवतो. १२७४ साली मंगोल आरमाराने जपानच्या त्सुशिमा बेटावर केलेली स्वारी हा खेळाचा विषय होय.

बलस्थाने

पहिली जमेची बाजू म्हणजे खेळाचा आरंभ पराभवाने होतो. कोमोदाच्या किनाऱ्यावर सो सुकेकुनी हा बेटाचा अधिकारी सुमारे ८० स्वारांनिशी मंगोलांना सामोरा गेला आणि मारला गेला, असे जपानी परंपरा सांगते. खेळकर्त्यांनी सुकेकुनीला बाजूला ठेवून जिन साकाई हा काल्पनिक योद्धा नायक केला. हा निर्णय सुज्ञपणाचा म्हटला पाहिजे. खेळातील नायक दहा वेळा मरतो व दहा वेळा उठतो. खऱ्या पुरुषाच्या बाबतीत असे दाखवणे इतिहासाला व समाजाच्या भावनेला, दोहोंनाही पेलणारे नसते.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. पुस्तकात ‘सैन्य डोंगर ओलांडून गेले’ हे एक वाक्य असते. येथे तो डोंगर ओलांडावा लागतो. पडद्यावर बाण किंवा छोटा नकाशा न दाखवता वाऱ्याच्या झुळकीने दिशा सुचवण्याची युक्ती या खेळात योजली आहे. परिणामी खेळाडूची दृष्टी कड्यावर, गवतावर, दूरच्या धुरावर राहते. टेकडीवरून काय दिसते, खिंडीतून काय दिसत नाही, हे त्याला अनुभवाने कळते. भूगोल हा इतिहासाचा केवळ रंगमंच नसून त्यातील एक पात्र आहे, ही गोष्ट वर्गात तासभर सांगूनही उमगत नाही. बेटाचा आकार व अंतरे खेळात बदललेली आहेत, हे मात्र विसरता येत नाही.

खेळाने लोकांना खऱ्या बेटाशीही जोडले. सप्टेंबर २०२० च्या वादळात तेथील वातात्सुमी देवस्थानाची एक तोरी कमान कोसळली. तिच्या पुनर्बांधणीसाठी लोकवर्गणी काढण्यात आली तेव्हा ५० लक्ष येनचे उद्दिष्ट असताना २ कोटी ७० लक्षांहून अधिक येन जमा झाले. देणगीदारांत या खेळाचे चाहते मोठ्या संख्येने होते.

उणिवा

खेळातील सामुराई सन्मानाच्या संहितेने बांधलेला आहे. समोरासमोर लढावे की लपून वार करावा, हाच नायकाचा अंतर्द्वंद्व. परंतु ‘बुशिदो’ म्हणून आज ओळखली जाणारी संहिता पुष्कळशी उत्तरकालीन असून, तिला जगभर प्रसिद्धी १९०० च्या सुमारास निटोबे इनाझो यांच्या पुस्तकाने मिळाली. तेराव्या शतकातील सामुराई हा प्रामुख्याने घोड्यावरील धनुर्धर होता. खेळात तलवारच सर्वेसर्वा आहे. नायक निसर्गस्थळी बसून हायकू रचतो. शिरीष पै यांच्यामुळे मराठी वाचकाला परिचित झालेला हा काव्यप्रकार मुळात सतराव्या शतकात बहरला. गोर्यो म्हणजे कोरियाची जहाजे व सैनिक या स्वारीत मोठ्या प्रमाणावर होते; त्यांना कथेत फारसे स्थान नाही.

हे कालविपर्यास क्षम्य मानता येतील. खरी उणीव त्याहून खोल आहे. ताकेझाकी सुएनागा हा योद्धा १२७४ मध्ये हाकाता येथे लढला. आपल्या पराक्रमाची नोंद झाली नाही म्हणून तो घोडे व खोगीर विकून १२७५ मध्ये कामाकुराला गेला आणि बक्षिसाची मागणी करून ते मिळवले. हा वृत्तांत त्याने स्वतः चित्रगुंडाळीत काढून घेतला व ती उपलब्ध आहे. सन्मान, जमीन, खर्च आणि दरबारी नोंद हे सारे त्याच्या जगात एकत्र नांदत होते. जिन साकाईच्या जगात हिशेबच नाही. घोडा शीळ घालताच येतो, त्याला वैरण लागत नाही. सैन्याला रसद लागत नाही. गावकरी केवळ सुटका होण्यासाठी असतात.

कांचन-मांचनच्या घाटातून पाहता

या उणिवेचे गांभीर्य देवळ्याच्या दक्षिणेकडील सातमाळा रांगेत उभे राहिले की ध्यानात येते. ३ ऑक्टोबर १६७० रोजी शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली व बागलाणमार्गे परतताना कांचना किल्ल्याजवळील घाट गाठला. दाऊदखान कुरेशी चांदवडला पोहोचला होता. १७ ऑक्टोबरच्या या लढाईस वणी-दिंडोरीची लढाई म्हणतात. दाऊदखानासोबत असलेला भीमसेन सक्सेना याने ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ या फार्सी ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. महाराज निम्म्या फौजेनिशी घाट उतरून नाशिककडे निघाले आहेत आणि उरलेली फौज मागे राहिलेल्यांसाठी घाट धरून आहे, अशी खबर मध्यरात्री मोगलांना मिळाली. पहाटे आघाडीचा सरदार इखलासखान मियाना टेकडीवर चढला तो समोर मराठे सज्ज. त्याच्या लोकांची चिलखते उंटांवर लादलेली होती. ती चढवली जाण्याची वाट न पाहता तो मोजक्या लोकांनिशी तुटून पडला व जखमी झाला.

उंटावरचे चिलखत ही बाब कोणत्याही ओपन वर्ल्ड खेळात आढळणार नाही. तेथे नायक सदैव चिलखत घालूनच उभा असतो. शिवाय या लढाईचे उद्दिष्ट शत्रूचा निःपात हे नव्हते. सुरतेचा ऐवज सुखरूप पुढे जावा एवढा वेळ पिछाडीने मिळवून द्यावयाचा होता आणि तो तिने दिला. पुढे जानेवारी १६७१ मध्ये साल्हेर स्वराज्यात आला. घाट रोखून धरणाऱ्या त्या शिपायांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. एकट्या, मुक्त संचार करणाऱ्या नायकाभोवती रचलेल्या खेळात त्यांना कोणते काम देता येईल, हा प्रश्न मराठा इतिहासावर असा खेळ रचू पाहणाऱ्याला टाळता येणार नाही. कांचनाचा कडा संगणकावर हुबेहूब उभा करणे त्या मानाने सोपे आहे.